साखर नॉर्मल, तरी रिपोर्टात 'इन्सुलिन रेझिस्टन्स हाय' : रक्तातल्या प्रथिनांचं काय करायचं?

औसेकर

मंडळी, आमच्याकडं सध्या आरोग्य शिबिरांचा सुकाळ आहे. पतसंस्थेची वार्षिक सभा असो की नेत्याचा वाढदिवस, मांडवात एक टेबल रक्त काढायचं असतंच. दोन-तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर पंधरा पानांची पीडीएफ येते, त्यातली निम्मी पानं लाल बाणांची. मग ती पीडीएफ गल्लीतल्या शिकलेल्या माणसाकडं पोचते. आमच्या गल्लीत तो मान माझा, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो.

यावेळची पीडीएफ मेहुण्याची. वय ३६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. शेती आणि खताचं दुकान. हातपाय काडीसारखे, पण सदरा काढला की पोट दिसतं. मी टेप लावून मोजलं, बेंबीपाशी ९२ सेंटिमीटर भरलं. उपाशीपोटी साखर ९६, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी ५.६. इथवर सगळं हिरवं. पुढं लाल: उपाशीपोटी इन्सुलिन १९, होमा-आयआर ४.५, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३३, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ५८, एचएस-सीआरपी (अंगातल्या सुजेची खूण) ४.२. आणि शेवटच्या पानावर सल्ला, की 'ॲडव्हान्स्ड मेटाबॉलिक प्रोटीन पॅनल' करून घ्या. त्यात ॲडिपोनेक्टिन, लेप्टिन, फेट्युइन-ए, अजून दोन-चार नावं. किंमत साडेपाच हजार.

मेहुणा म्हणतो, "साखर नाही ना? मग विषय संपला." लॅब म्हणते विषय आत्ता सुरू झालाय. मला दोघांचंही पटत नाही.

मी जे समजलोय ते मांडतो, जाणकारांनी पुढं बोलावं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे इन्सुलिन असूनही अंग त्याला नीट दाद देत नाही. साखर ९६ आहे हे खरं, पण ती ९६ वर धरून ठेवायला स्वादुपिंडाला किती इन्सुलिन सोडावं लागतंय, ते बघायला पाहिजे. विहिरीवरची मोटार दिवसभर चालू, मीटर पळतंय, आणि शेवटचा वाफा जेमतेम ओला होतोय, असला प्रकार. वाफा ओला दिसतो म्हणून आपण निवांत. बिल कुणी बघत नाही.

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं लहानसं प्रथिन. रक्तात ते इतकं कमी असतं की मोजायची सोयच नव्हती. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन ह्यांनी १९६० च्या सुमारास रेडिओइम्युनोॲसे ही मोजायची पद्धत काढली तेव्हा कुठं ते जमलं, आणि यॅलोबाईंना त्याबद्दल १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते. होमा-आयआर म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज; त्याचं सूत्र ऑक्सफर्डच्या मंडळींनी १९८५ साली मांडलं. उपाशीपोटीचं इन्सुलिन गुणिले साखर, भागिले ४०५. मेहुण्याचं करून बघा, १९ गुणिले ९६ भागिले ४०५, साडेचार येतात. म्हणजे लॅबनं गणित बरोबर केलंय. त्या गणिताला किती मान द्यायचा आणि पुढचे साडेपाच हजार घालायचे का, एवढाच प्रश्न.

---

धपाटे

मास्तर, मेहुण्याला म्हणावं शिबिराला जाऊच नको. रक्त दिलं नाही तर काहीच निघत नाही. आमच्या गावात सगळे असेच निरोगी आहेत.

---

रात्रपाळी

मी मेडिसिनची डॉक्टर आहे, मराठवाड्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात. औसेकर सर, गणित बरोबर आहे, पण होमाचं सगळ्यांना लागू पडेल असं एकच कट-ऑफ नाही. कुणी २ धरतं, कुणी २.५, कुणी त्याहून जास्त. इन्सुलिन मोजायच्या पद्धती कंपनीगणिक वेगळ्या, एकाच रक्ताचे दोन यंत्रांवर दोन आकडे येतात. म्हणून मधुमेहाच्या निदानात ही तपासणी नाही. तरी ४.५ हा आकडा डोळ्याआड करण्यासारखा नाही. तो एकटा असता तर मी "परत करा" म्हटलं असतं. त्याच्या जोडीला ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली, एसजीपीटी वर आणि कंबर ९२ आहे. आपल्या पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० आहे, बायकांसाठी ८०. वजन ६१ बघून कुणी त्याला लठ्ठ म्हणणार नाही. पण चरबी जिथं साठू नये तिथं साठली आहे.

यकृताची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ह्या रिपोर्टातली निम्मी नावं तिथून येतात. इन्सुलिन स्वादुपिंडातून निघालं की थेट अंगभर जात नाही. आधी पोर्टल शिरेतून यकृतात जातं आणि तिथंच साधारण निम्मं खर्ची पडतं. यकृतात चरबी साठली की दोन गोष्टी बिघडतात. इन्सुलिन आलं तरी यकृत साखर सोडायची थांबत नाही, आणि चरबी भरभरून रक्तात पाठवायला लागतं. तेच तुमचे २१२ ट्रायग्लिसराइड. एसजीपीटी हेही प्रथिनच, यकृताच्या पेशीतलं एंझाइम. पेशीला त्रास झाला की ते रक्तात झिरपतं. फेट्युइन-ए यकृतच बनवतं, आणि ते पेशीवरच्या इन्सुलिनच्या रिसेप्टरचं काम अडवतं. सीआरपीही यकृतातलंच, पण त्याला हुकूम बाहेरून येतो; पोटावरच्या चरबीतून इंटरल्युकिन-६ सुटतं आणि यकृत सीआरपी वाढवतं.

ॲडिपोनेक्टिनची तऱ्हा उलटी. ते बनवतात चरबीच्या पेशी, पण चरबी वाढली की ते कमी होतं. १९९५ च्या सुमारास सापडलं. लेप्टिन त्याच्या एक वर्ष आधी, रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन ह्यांच्या प्रयोगशाळेत. लेप्टिन मात्र चरबीबरोबर वाढतं. भारतीयांमध्ये ॲडिपोनेक्टिन तसंही गोऱ्यांपेक्षा कमी आढळतं. म्हणून तुमच्या मेहुण्याचं पॅनल केलं तर काय येईल? ॲडिपोनेक्टिन कमी, फेट्युइन बहुतेक जास्त. मग मी काय करणार? पोट कमी करा, चाला, यकृताची सोनोग्राफी करून घ्या. जे मी आत्ताही सांगतेय. औषध बदलत नाही, सल्ला बदलत नाही, तर साडेपाच हजार कशाला?

---

करड्या_झाकणाचा

मी लॅब टेक्निशियन, बीड जिल्ह्यात. शिबिरात रक्त काढणारा माणूस मीच समजा. मॅडमनी यंत्राचं सांगितलं, मी यंत्रापर्यंत पोचायच्या आधीचं सांगतो.

शिबिरात एका माणसाच्या तीन नळ्या भरतात. करड्या झाकणाची साखरेसाठी, तिच्यात फ्लोराइड असतं. जांभळ्या झाकणाची एचबीए१सी आणि सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला. आणि पिवळी किंवा लाल बाकी सगळ्याला, तिच्यातलंच सीरम इन्सुलिनला जातं. आता मे महिना, शाळेचा पत्र्याचा वर्ग, बाहेर ४२ अंश. दीडशे माणसं रांगेत. सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळी गरगर फिरवून सीरम वेगळं करायचं यंत्र, तालुक्याला. घाईत कुणी साखरसुद्धा पिवळ्या नळीतूनच काढायचं ठरवलं आणि नळी न फिरवता तशीच ठेवली, तर रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के घटते. दुपारपर्यंत मधुमेही माणूस नॉर्मल निघू शकतो. इन्सुलिनचं त्याहून नाजूक. सुई नीट बसली नाही, जोरात ओढलं, रक्त फुटलं आणि सीरम गुलाबी झालं की लाल पेशींतलं एंझाइम इन्सुलिन तोडायला लागतं, आकडा खोटा कमी येतो. गुलाबी सीरम दिसलं की आम्ही परत बोलवायला पाहिजे. शिबिरात परत कोण बोलावतो?

आणि 'उपाशीपोटी' म्हणजे काय ते लोकांना कुणी सांगतच नाही. चहा म्हणजे जेवण थोडंच, असं म्हणून साखरेचा कपभर चहा आणि दोन खारी खाऊन येतात. त्यावर इन्सुलिन १९ आलं तर नवल नाही. औसेकर सर, मेहुण्याला आधी हे विचारा.

---

औसेकर

विचारलं. चहा झाला नव्हता म्हणतो. पण आदल्या रात्री शेतात पार्टी होती, जेवण साडेअकराला, रक्त सकाळी साडेसातला.

---

करड्या_झाकणाचा

म्हणजे आठच तास. साखरेला चालतंय. ट्रायग्लिसराइडला मात्र रात्रीचं मटण आणि बाकीचं जे काही होतं ते, दोन्ही धरून बघा. परत करायचं तर आदल्या दिवशी साधं जेवण, रात्री आठच्या आत.

---

गोदाकाठची

नांदेडहून. माझं उलट झालंय, इथंच विचारते. वय ४१. उपाशीपोटी साखर ९०, जेवल्यावर दोन तासांनी ११८. पण एचबीए१सी ६.२ आला आणि खाली छापलं 'प्री-डायबेटिस'. घरात सासूबाईंपासून सगळ्यांनी माझा भात बंद केला. हिमोग्लोबिन ८.७ आहे, ते कुणाच्या खिजगणतीत नाही. फेरिटिन ६.

---

रात्रपाळी

ताई, तुमचा भात चालू करा. थट्टा नाही करत.

एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिन ह्या प्रथिनाला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या काळात किती साखर चिकटली ते आपण मोजतो. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि जुन्या पेशीवर साखर जास्त चिकटलेली असते. साखर न वाढताही आकडा वाढतो. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन भरून आलं की तो आपोआप खाली येतो. तुमच्या साखरेच्या दोन्ही वेळा नॉर्मल आहेत, त्यावर विश्वास ठेवा. एचबीए१सी रक्त भरल्यावर तीन-चार महिन्यांनी परत करा. फेरिटिन ६ म्हणजे लोहाचा साठा रिकामा आहे. १५ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता धरतात. पाळीत रक्तस्राव जास्त आहे का, ते स्त्रीरोग तज्ज्ञांना आधी दाखवा.

आपल्या ओपीडीत ही फार मोठी अडचण आहे. राज्यात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आणि शिबिरवाले त्यांना सरसकट एचबीए१सी लावतात.

फेरिटिनची अजून एक गंमत बघा. तेही प्रथिन, लोह साठवणारं. चरबीयुक्त यकृत आणि इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या माणसात ते वाढतं, म्हणून 'मेटाबॉलिक पॅनल'मध्ये त्याला बसवतात. पण एखाद्या बाईला दोन्ही असलं, यकृतात चरबी आणि अंगात लोह नाही, तर एक वर ओढणार, एक खाली. आकडा मधोमध येणार आणि रिपोर्ट हिरवा छापणार. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बायकांमध्ये मी असे हिरवे रिपोर्ट पाहिलेत. त्यांना बसल्या जागी चक्कर येते.

---

सिडको_एन७

डॉक्टरांबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवतो. संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत मी काम करतो, आमच्याकडं तिशी-पस्तिशीतली पोरं हार्ट अटॅकनं जायलीत. त्यातल्या कितीतरी जणांची साखर नॉर्मलच होती. जास्त तपासण्या केल्या तर लवकर कळेल, एवढं साधं आहे. 'सल्ला तोच' म्हणून तपासणी करू नका हे मला पटत नाही. आकडा बघितल्याशिवाय माणूस हलत नाही. मी स्वतः सीआरपी बघून सिगारेट सोडली.

---

रात्रपाळी

सिगारेट सोडलीत, अभिनंदन. त्या सीआरपीचे पैसे वसूल. पण त्या पोरांचं म्हणाल तर बीपी, कोलेस्टेरॉल, कंबर आणि घरात कुणाला कमी वयात अटॅक आलाय का, ह्या चार गोष्टी कुणी विचारल्या होत्या का ते बघा. आणि सीआरपी ताप, दातदुखी, पायाला झालेली जखम, कशानंही वाढतं. ते पहिल्यांदा सापडलंच न्यूमोनियाच्या रोग्यांत, १९३० साली. १० च्या वर आलं तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी इन्फेक्शन शोधायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी परत करायचं.

---

पेठेतला_परभणीकर

मूळ परभणीचा, पुण्यात बायोकेमिस्ट्रीत संशोधन करतो. धागा वाचून राहवलं नाही.

मेहुण्यासारख्या माणसाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकानं दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन ह्यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनाच्या काट्यावर दोघं सारखे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यातून दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी, साधारण २.७ किलोची, पण चरबीच्या बाबतीत फारशी कमी नाहीत. कमी पडतो तो स्नायू. त्याच अभ्यासात पुढं असंही आलं, की ज्या आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त होता. स्नायू कमी असणं का महत्त्वाचं? इन्सुलिनच्या हुकमावर रक्तातली साखर उचलणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक स्नायू आहे.

आता प्रथिनांबद्दल. कुठलंही प्रथिन रोग्यांत वाढलेलं दिसलं म्हणजे त्यानंच रोग केला असं नाही. हे तपासायची एक छान युक्ती आहे. काही लोकांच्या जनुकांमुळंच त्यांचं सीआरपी जन्मभर थोडं जास्त असतं. सीआरपी जर गुन्हेगार असेल तर ह्या लोकांना हृदयविकार जास्त व्हायला पाहिजे. होत नाही. म्हणजे सीआरपी बातमी देतं, पण करणी त्याची नाही. हीच कसोटी एसएचबीजीला लावली तर वेगळं उत्तर येतं. हे यकृतातलं प्रथिन लैंगिक संप्रेरकांना धरून फिरतं. ज्यांच्यात ते जनुकांमुळंच कमी असतं त्यांच्यात मधुमेहही जास्त आढळतो. त्यामुळं तिथं संशोधक अजून खोदतायत.

सध्या एका थेंबात हजारो प्रथिनं मोजायची यंत्रं आली आहेत. यूके बायोबँक ह्या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य अभ्यासात पन्नास हजारांहून जास्त माणसांची जवळपास तीन हजार प्रथिनं मोजून झालीत. त्यातून येणारी सूत्रं मधुमेहाचा अंदाज बऱ्यापैकी देतात. पण ते लोक बहुतांश युरोपीय वंशाचे, पोटभर खाल्लेले, रक्त भरलेले. वर डॉक्टरांनी फेरिटिनचं जे सांगितलं तेच तिथल्या सूत्राचं इकडं होणार. हाडकुळी अंगकाठी, कमी हिमोग्लोबिन, कमी बी-१२, ह्या तिन्हींसाठी ती सूत्रं आधी आपल्या माणसांवर घासून बघायला लागतील. तोवर 'ॲडव्हान्स्ड पॅनल' विकणारा नेमकी कुठली मर्यादा छापतोय, ते विचारा.

सिडको एन७, तुमचा मुद्दा अगदीच चूक नाही. मोठ्या अभ्यासासाठी ह्या तपासण्या हव्यातच. एकट्या माणसाच्या खिशातून नकोत, एवढंच.

---

कयाधू

हिंगोलीकडचा म्हातारा माणूस आहे मी. तुमचं सगळं कळलं नाही, पण पोटातल्या बाळाचं जे लिहिलं ते वाचून एक विचारावं वाटलं. ७२ च्या दुष्काळात आमची माय-बहीण रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. तांबडी मिलो ज्वारी खायची, मुलांना सुकडी. त्यावेळी पोटात असलेली लेकरं आता पन्नाशीच्या पुढं गेलीत. आमच्या वाडीत त्या वयाचे उलीसे दिसणारे, बारीक अंगाचे, पण साखर असलेले लई आहेत. ह्याचा काही संबंध असंल का?

दुसरं, आम्ही मालदांडीची भाकर खाऊन मोठे झालो, कुणाला साखर ठाव नव्हती. आता रानात सोयाबीन अन् ताटात रेशनचा गहू-तांदूळ. ज्वारी सोडली अन् रोग आला, असं मी म्हणतो.

---

पेठेतला_परभणीकर

काका, पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली होती. त्यावेळी आईच्या पोटात असलेल्यांना पन्नाशीच्या आसपास तपासलं, तर साखर पचवायची ताकद इतरांपेक्षा कमी निघाली. तिथं काही महिन्यांत अन्न आलं. आपल्याकडं दुष्काळानंतरही ताट लगेच भरलं नाही, त्यामुळं जसंच्या तसं लावता येत नाही. पण तुम्हाला जे दिसतंय ते उगीच नाही.

ज्वारीबद्दल थोडं हातचं राखून बोलतो. भाकरी पोळीपेक्षा बरी, मान्य. पण तुम्ही भाकरी खाऊन दिवसभर औतामागं चालत होता. आता चार भाकरी खाऊन माणूस पारावर बसतो. चालणं काढून भाकरीला श्रेय दिलं तर हिशोब जमत नाही.

---

कयाधू

औताचं खरं हाय. आता ट्रॅक्टर हाय अन् पोरगं फोनवर हाय.

---

धपाटे

कारल्याचा रस, मेथीचे दाणे आणि जांभळाच्या बियांची पूड. आमच्या मामांचं इन्सुलिन एका महिन्यात सरळ झालं. डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांचं दुकान बंद होईल.

---

रात्रपाळी

माझं दुकान सरकारी आहे, रांग रस्त्यापर्यंत असते. बंद झालं तर मी पेढे वाटीन. मेथी खा, धपाट्यातही घाला. पण गोळ्या चालू असलेल्या माणसानं त्या भरवशावर गोळ्या सोडल्या की तो महिन्याभरात पायाची जखम घेऊन माझ्याकडंच येतो.

औसेकर सर, मेहुण्यासाठी ठोस काही हवं असेल तर भारतातलाच अभ्यास आहे, चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन ह्यांच्या गटाचा, २००६ मध्ये आलेला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना नुसता आहार-व्यायाम दिला तर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, नुसत्या मेटफॉर्मिन ह्या मधुमेहाच्या गोळीनं २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र देऊन जास्त काही पदरात पडलं नाही. आणि वजन फारसं न उतरताही हा फायदा दिसला. त्या लोकांची साखर मेहुण्यापेक्षा पुढं गेलेली होती, त्यामुळं आकडे तंतोतंत लावू नका. पण ६१ किलोच्या माणसाला "वजन कमी करा" म्हणून तो हसणार असेल, तर त्याला हे सांगता येईल. दंड-बैठका, खताची पोती स्वतः उचलणं, जेवल्यावर शेताला एक चक्कर. आणि त्या पार्ट्या कमी. एसजीपीटी ५८ आहे, दारू किती हे त्याला एकट्याला विचारा, बायकोसमोर नको.

---

औसेकर

ते जमेल. बायको म्हणजे माझीच बहीण, आणि ती हा धागा वाचतेय. पॅनल करणार नाही, सोनोग्राफी करतो.

---

तेरणामाई

धाराशिवहून लिहिते. माझी लेक लातूरला नीटच्या क्लासला आहे, १७ वर्षं. वर्षभरात नऊ किलो वाढली, पाळी दोन-दोन महिने येत नाही, मानेवर काळपट जाड पट्टा आलाय. मी तो मळ समजून तिला घासायला लावायचे, बिचारीची मान सोलून निघाली. मैत्रिणीच्या आईनं सांगितलं की सगळ्या प्रथिनांची ती मोठी तपासणी करा. हॉस्टेलची मेस म्हणजे सकाळी पोहे, दुपारी भाताचा ढीग, आणि रात्री अभ्यासाला बसल्या की अकराला नूडल्स. सकाळी सहा ते रात्री दहा खुर्चीवर.

---

रात्रपाळी

ताई, तो मळ नाही. त्याला ॲकँथोसिस म्हणतात. रक्तातलं जादा इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला लावतं म्हणून तो येतो. घासून जाणार नाही, त्रासच होईल. तो पट्टा म्हणजे फुकटातली इन्सुलिनची तपासणी आहे, त्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

पाळी चुकणं ह्याच साखळीतलं आहे. जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, आणि यकृतातलं एसएचबीजी कमी करतं. वर परभणीकरांनी सांगितलं तेच प्रथिन. ते कमी झालं की टेस्टोस्टेरॉन मोकळं फिरतं, मग मुरुमं, हनुवटीवर केस, पाळी लांबणं. स्त्रीरोग तज्ज्ञांना दाखवा. साखर उपाशी आणि ग्लुकोज पाजल्यावर, कोलेस्टेरॉल, एसजीपीटी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन, एवढं पुरे. ह्या वयात पाळी थोडी मागंपुढं होतेच, म्हणून पीसीओएसचा, म्हणजे ह्याच अंडाशयाच्या बिघाडाचा, शिक्का घाईनं मारून घेऊ नका. नीटची परीक्षा होईपर्यंत थांबायचं मात्र नाही. रोज संध्याकाळी क्लास ते हॉस्टेल रिक्षानं न जाता पायी, आणि अकराच्या नूडल्सऐवजी फुटाणे-शेंगदाणे. डब्यात भाकरी आणि उडदाचं घुटं पाठवता आलं तर उत्तम.

---

तेरणामाई

थायरॉइड गेल्या महिन्यात केलंय. टीएसएच (थायरॉइडला चालवणारं संप्रेरक) कमी आलाय, टी-थ्री टी-फोर (थायरॉइडची स्वतःची संप्रेरकं) जास्त. तिथल्या डॉक्टरांनी थायरॉइड जास्त काम करतंय म्हणून परत यायला सांगितलंय. पण थायरॉइड जास्त झाल्यावर वजन उतरतं ना? हिचं तर वाढतंय. केसही गळतात, त्यासाठी मैत्रिणीच्या सांगण्यावरून केसांच्या गोळ्या घेते.

---

करड्या_झाकणाचा

ताई, त्या गोळ्यांच्या पाकिटाचा मागचा भाग वाचा. बायोटिन, म्हणजे केसांच्या गोळ्यांतलं जीवनसत्त्व, किती लिहिलंय?

---

तेरणामाई

लेकीला फोन करून विचारलं. १० मिलिग्रॅम. रोज एक, सकाळी.

---

करड्या_झाकणाचा

अंगाला रोज लागतं ते ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. ही गोळी त्याच्या तीनशे पटीहून जास्त झाली. आमच्या बऱ्याच यंत्रांत तपासणीची साखळीच बायोटिनवर बांधलेली असते. रक्तात एवढं बायोटिन असलं की टीएसएच खोटं कमी येतं, टी-थ्री टी-फोर खोटं जास्त. इन्सुलिनसुद्धा खोटं कमी येतं, म्हणजे ती मोठी तपासणी केली असती तर पोरीचं इन्सुलिन झकास म्हणून आलं असतं. गोळी बंद करून किमान तीन दिवस जाऊ द्या, मग थायरॉइड परत करा. रक्त देताना टेक्निशियनला सांगा, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोवर थायरॉइडची एकही गोळी चालू करू देऊ नका.